जहाजावरचा राडा रात्री दोनला होतो, थांबवायचा असतो नऊला

विचारणारे गृहस्थ पुण्याचे आहेत. आई-वडील, बायको आणि दोन शाळकरी मुलांना घेऊन सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर जायचा त्यांचा बेत आहे. पण डेकवर खुर्च्या फेकणाऱ्या आणि नाइटक्लबमध्ये एकमेकांवर तुटून पडणाऱ्या प्रवाशांचे व्हिडिओ घरात सगळ्यांनी पाहिले आणि मंडळी बिचकली. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. असले प्रकार खरंच किती होतात? भर समुद्रात पोलीस नसताना ते आवरतं कोण? आणि आपल्यावर वेळ आली तर काय करायचं?

मी क्रूझ जहाजांवर बार वेटर म्हणून लागलो आणि बार मॅनेजर होऊन उतरलो. आता जहाजावर जाऊ पाहणाऱ्या मुलांना नवी मुंबईत तेच काम शिकवतो. त्यामुळे हे उत्तर काउंटरच्या आत उभं राहिलेल्या माणसाचं आहे. दंगा मोडण्याचं काम सिक्युरिटीचं असतं, पण तो तयार होताना बघतो तो बारवाला.

आधी भीतीचं बोलू. बहुतेक सफरी विनातक्रार पार पडतात. तुमच्या वाट्याला यायचीच तर किरकोळ गोष्ट येईल: रात्री कॉरिडॉरमधून मोठमोठ्याने गात जाणारं टोळकं, लिफ्टमध्ये कुणी केलेली उलटी, जकुझीत ग्लास घेऊन बसलेले आणि जागा न सोडणारे चारजण. हा त्रासच आहे आणि त्याची तक्रार करायला अजिबात संकोचू नका. पण जमावाची हाणामारी क्वचित होते.

क्वचित होते, तरी दरवेळी एकाच रीतीने होते. तीन घटना सांगतो, तिन्ही जगभर गाजलेल्या.

फेब्रुवारी 2018 मध्ये मेलबर्नहून दक्षिण पॅसिफिकच्या 10 दिवसांच्या सफरीवर निघालेल्या 'कार्निवल लेजंड' जहाजावर एका मोठ्या कुटुंबाच्या गटाने हाणामाऱ्या केल्या. शेवटी जहाज वाट बदलून न्यू साउथ वेल्समधल्या ईडन बंदराजवळ नेलं, पोलीस बोटीने आले आणि त्या गटातले 23 जण उतरवले गेले. प्रवाशांचं म्हणणं होतं की आपण त्या गटाबद्दल आधीपासून तक्रारी करत होतो. सिक्युरिटीचे लोक खाली पडलेल्या प्रवाशांना लाथा घालतानाचे व्हिडिओही बाहेर आले. म्हणजे आवरणाऱ्यांचाही तोल सुटला होता.

जुलै 2019 मध्ये नॉर्वेचे फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधल्या खाड्या, बघून साउदॅम्प्टनला परतणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या 'ब्रिटानिया' जहाजावर मध्यरात्रीनंतर बुफेमध्ये मारामारी झाली. संध्याकाळ औपचारिक पोशाखाची होती, सूट-टाय घातलेली माणसं होती. प्लेटा आणि फर्निचर हत्यारासारखं वापरलं गेलं आणि सहा जणांना मार लागला. आणि जून 2022 मध्ये न्यूयॉर्कला परतणाऱ्या 'कार्निवल मॅजिक'च्या नाइटक्लबमध्ये भांडण पेटलं आणि बघता बघता डझनावारी लोक त्यात ओढले गेले. बंदरात शिरताना जहाजासोबत कोस्ट गार्डची बोट होती.

यातल्या वेळा आणि जागा बघा. परतीचा प्रवास, मध्यरात्रीनंतरचा प्रहर, आणि नाइटक्लब नाहीतर बुफे. बुफे का, असं मला बरेच जण विचारतात. बार बंद व्हायला लागले की सगळ्या डेकवरची प्यायलेली माणसं एकाच वेळी भुकेजतात आणि उघडी जागा एखाददुसरीच उरते. पिझ्झ्याच्या रांगेत कुणी मध्ये घुसतं, कुणाचा धक्का लागतो, एवढं पुरतं. दिवसभर एकमेकांपासून लांब असलेले दोन गट तिथे पहिल्यांदा समोरासमोर येतात. बार बंद व्हायच्या वेळेला बुफेत दोन सिक्युरिटीवाले आणि एक जाणता सुपरवायझर नुसता उभा असेल तर अर्धी भांडणं सुरूच होत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. परतीच्या रात्री सुट्टी संपत आलेली असते, आगाऊ पैसे भरून घेतलेलं ड्रिंक पॅकेजही संपत आलेलं असतं, आणि राहिलेलं पिऊन घ्यावं असं वाटतं.

जमिनीवर माणसाला आवरणाऱ्या काही गोष्टी असतात. गाडी चालवायची असते, नाक्यावर पोलीस नळी फुंकायला लावतील ही धास्ती असते, शेवटची लोकल असते, सकाळी ऑफिस असतं, आणि घरी दार उघडणारं कुणीतरी असतं. जहाजावर यातलं काहीच नाही. खोली लिफ्टच्या अंतरावर, खिशातून पैसे काढायचे नाहीत, गळ्यात अडकवलेलं कार्ड दाखवलं की ग्लास हातात. आणि चिडलेला माणूस निघून जायला जागा नाही. गावच्या जत्रेतला दंगेखोर निदान आपल्या वाटेने जातो. इथे दुपारी पूलवर ज्याच्याशी खटका उडाला तोच रात्री बुफेत पुढ्यात उभा असतो आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला शेजारच्या टेबलावर.

त्यात पॅकेज. एकदा रक्कम भरली की रोज हवं तितकं प्या, अशी ही योजना. माणूस पैसे भरतो आणि वसुलीला लागतो. एरवी दोन पेगवर उठणारा सहाव्यावर पोचतो, कारण चार प्यायलो तर पैसे फुकट गेले असा त्याचा हिशेब असतो. 'कार्निवल' कंपनीच्या पॅकेजला 24 तासांत 15 मादक पेयांची मर्यादा आहे. काही कंपन्यांत तीही नाही. पण 15 म्हणजे किती ते मोजू. अमेरिकी हिशेबात एका ड्रिंकमध्ये 14 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. म्हणजे साधारण 355 मिलि बिअर किंवा 44 मिलि व्हिस्की. पंधरा ड्रिंक्स म्हणजे 210 ग्रॅम. साधारण माणसाचं यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निस्तरतं. वेगाने निस्तरलं तरी 21 तास लागतात. म्हणजे रोज पंधरा घेणारा माणूस सबंध सफरीत जवळजवळ शुद्धीवर येतच नाही. ही मर्यादा जीव वाचवायला उपयोगी आहे. दंगा टाळायला तिचा उपयोग फार थोडा. दंगा आकड्यावर नाही, वेगावर ठरतो.

आपल्याकडच्या लोकांचा हिशेब आणखी एका ठिकाणी चुकतो. आपला लार्ज पेग 60 मिलि. भारतीय व्हिस्की 42.8 टक्क्यांची. त्या एका पेगात सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे जवळपास दीड अमेरिकी ड्रिंक. 'तीनच घेतले' म्हणणाऱ्याने साडेचारच्या आसपास घेतलेले असतात. लाँग आयलंड आइस टीसारखं कॉकटेल तर गोड लागतं, चार-पाच प्रकारची दारू एकाच ग्लासात असते, आणि पिणाऱ्याला ते सरबत वाटतं. घेतलेली दारू रक्तात पूर्ण चढायला अर्धा ते दीड तास लागतो, जेवण झालं असेल तर जास्तच. काउंटरवर ठीक दिसणारा माणूस तासाभराने ठीक नसतो. भरीला दिवसभराचं ऊन, पाणी कमी प्यायलेलं, आणि जहाज लागू नये म्हणून घेतलेली गोळी. ॲव्होमिनसारख्या गोळ्यांनी मुळातच गुंगी येते. वर दारू पडली की ती आणखी वाढते. तुमच्या वडिलांना अशी गोळी द्यायची असेल तर त्या दिवशी त्यांचा एक ग्लाससुद्धा टाळा, आणि गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या.

आता नऊ वाजताचं.

रात्री नऊच्या सुमाराला पहिल्या पाळीचं जेवण आटोपलेलं असतं, शो सुटलेला असतो, आणि दुपारपासून पूलवर पीत असलेला माणूस अंघोळ करून, कपडे बदलून, ताजा दिसत परत काउंटरवर येतो. नवा वेटर फसतो तो इथेच. त्याला समोर एक नीटनेटका गेस्ट दिसतो. जुना वेटर त्याच्या कपड्यांकडे बघत नाही. आवाज चढलाय का, अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकतोय का, एकच गोष्ट परत सांगतोय का, कार्ड देताना बोटं चुकतायत का, पहिला ग्लास अर्धा असताना दुसरा मागतोय का, हे बघतो. आमच्या प्रशिक्षणात नशेच्या चार पायऱ्या शिकवतात: आधी संकोच सुटतो, मग विवेक, मग प्रतिक्रिया मंदावतात, आणि शेवटी हातापायांचा ताळमेळ जातो. लोक समजतात की झोकांड्या खाणारा माणूस धोकादायक. तो बहुतेकदा स्वतःलाच धोकादायक असतो. मारामारी करतो तो पहिल्या दोन पायऱ्यांवरचा. त्याचा संकोच गेलेला असतो आणि हातपाय शाबूत असतात. म्हणून अडवायचं ते तेव्हाच.

अडवायचं म्हणजे लगेच नाही म्हणायचं असं नाही. मी मुलांना सांगतो, आधी वेग तोडा. ऑर्डर घ्यायला उशीर करा. न मागता थंड पाण्याचा ग्लास ठेवा. खायला काहीतरी आणा. खारे दाणे नकोत, त्यांनी तहान वाढते. त्याच्या गटात एक माणूस नेहमी शुद्धीवर असतो, बहुतेकदा बायको किंवा मेहुणा. त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगा. आणि शेवटी नाही म्हणायची वेळ आलीच तर 'तुम्हाला जास्त झालीय' हे वाक्य तोंडातून काढू नका. चारचौघांत ते ऐकलं की माणूस ते खोटं ठरवायला उभा राहतो. 'सर, हा ग्लास आता मला देता येणार नाही, जेवण मागवू का?' एवढंच. कारण देत बसू नका, कारणावर वाद होतो. सोबत दुसरा सहकारी उभा हवा. आणि एकदा नाही म्हटल्यावर मॅनेजरने येऊन 'जाऊ दे, एक दे' म्हणायचं नाही. ज्या जहाजावर मॅनेजर वेटरचा शब्द खाली पाडतो, तिथे पुढच्या रात्रीपासून एकही वेटर कुणाला अडवत नाही.

सिस्टिममध्ये कार्डावर खूण करता येते. एका बारने थांबवलं की दुसऱ्या बारच्या स्क्रीनवर ते दिसतं. भोक एकच राहतं: मित्र आपल्या कार्डावर दोन घेतो आणि एक त्याच्या हातात देतो. एका वेळी एकच ड्रिंक आणि ते दुसऱ्याला द्यायचं नाही, हा पॅकेजचा नियम कंजूषपणाचा वाटतो, पण तो याचसाठी पाळायला हवा. दुसरं भोक बाहेरून आणलेल्या बाटल्यांचं. माउथवॉशच्या बाटलीत रंग घालून भरलेली व्होडका, सनस्क्रीनच्या ट्यूबमध्ये रम, सामानात चपटी होऊन बसणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या. केबिनमध्ये बसून पिणाऱ्याचा हिशेब कुणाकडेच नसतो आणि तो बाहेर येतो तेव्हा काउंटरवरचा त्याचा पहिला ग्लास खरा सहावा असतो. बंदरावर विकत घेतलेली बाटली कंपनी स्वतःकडे ठेवून शेवटच्या रात्री परत देते, यावर लोक चिडतात. चिडू नये.

ज्याच्या जिवावर हे सगळं चालतं त्या बार वेटरची अडचण प्रवाशांना माहीत नसते. अनेक कंपन्यांत त्याच्या कमाईचा मोठा भाग बिलावर आकारल्या जाणाऱ्या सर्व्हिस चार्जमधून येतो. ग्लास नाकारला की पैसा गेला. शिवाय ज्याला नाकारलं तो सफरीच्या शेवटी अभिप्रायाच्या फॉर्मवर त्याचं नाव घालून वाईट शेरा लिहितो, आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळताना असे शेरे बघितले जातात. कोकणातून, वसईतून, गोव्यातून, मनिला आणि बालीहून आलेली ही पोरं. घरी बहिणीचं लग्न, नाहीतर घराचं कर्ज. त्यातल्या एकाने रात्री नऊला सहा फुटी माणसाला नम्रपणे नाही म्हणावं अशी आपण अपेक्षा करतो, आणि ते करण्याची किंमत त्यालाच भरायला लावतो. हे चूक आहे आणि ते कंपन्यांनी बदलायला हवं. थांबवलेल्या गेस्टचा शेरा वेटरच्या खात्यातून वगळायचा, एवढा साधा नियम केला तरी फरक पडेल. मी काम केलेल्या एका जहाजावर आमच्या हॉटेल डायरेक्टरने, म्हणजे केबिन, जेवण आणि बार बघणाऱ्या मुख्य साहेबाने, तो केला होता. त्यानंतर आमच्या पोरांनी वेळेत थांबवायला सुरुवात केली, आणि रात्रीचे सिक्युरिटी कॉल माझ्या डोळ्यांसमोर उतरले.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: आवरतं कोण? जहाजावर पोलीस नसतात, पण अधिकार असतो, आणि तो कॅप्टनचा. त्याच्या खाली स्टाफ कॅप्टन, आणि त्याच्या हाताखाली सिक्युरिटी. सिक्युरिटीत सैन्यातून निवृत्त झालेले भारतीय आणि गुरखे पुष्कळ दिसतात. आधी समज देतात. मग कार्डावरची दारू बंद. मग केबिनमध्ये राहायला सांगून दाराशी माणूस बसवतात. त्यापुढे ब्रिग, म्हणजे जहाजावरची कोठडी. लहान खोली, बाहेरून कुलूप. आणि शेवटी पुढच्या बंदरावर उतरवणं, परतीचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. 'कार्निवल'ने नियमांत 500 डॉलर दंडाची तरतूदही केली आहे, आणि कायमची बंदी तर बहुतेक सगळ्याच कंपन्या घालतात. दारुड्याला जहाजात न घेण्याचा अधिकार नवा नाही. ब्रिटनच्या 1894 च्या मर्चंट शिपिंग कायद्यातसुद्धा नशेतल्या प्रवाशाला जहाजावर चढू न देण्याचं कलम होतं. गोदीतून चढतानाच टाइट असलेल्या गटाला गँगवेवर, म्हणजे जहाजात शिरायच्या पुलावरच, थांबवायचं धैर्य आज जहाजांनी जास्त दाखवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा पोलीस हाकेच्या अंतरावर असतात. बारा तासांनी नसतात.

तरी सिक्युरिटीच्या मर्यादा लक्षात घ्या. हजारो प्रवासी, आणि एका वेळी ड्यूटीवर असलेली थोडी माणसं, तीही अनेक डेकवर विखुरलेली. पन्नास जण भिडले तर त्यांना वेगळं करण्याइतकी माणसं तिथे पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात व्हायचं ते होऊन जातं.

कायद्याचं थोडक्यात. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या पुढे जहाजावर मुख्यतः ज्या देशाचा झेंडा त्या देशाचा कायदा चालतो, आणि क्रूझ जहाजांचे झेंडे बहुधा बहामास, पनामा, बर्म्युडा, माल्टा असे असतात. त्यामुळे तपास कुणी करायचा यात वेळ जातो. अमेरिकेने 2010 मध्ये क्रूझ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी वेगळा कायदा केला. अमेरिकी बंदरात प्रवासी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मोठ्या जहाजांना गंभीर गुन्हे एफबीआयला कळवावे लागतात, रेलिंग किमान 42 इंच उंच ठेवावं लागतं, केबिनच्या दाराला बाहेर बघायचं भोक लागतं, आणि लैंगिक अत्याचाराच्या तपासणीचं साहित्य जहाजाच्या दवाखान्यात ठेवावं लागतं. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर काही घडलं तर परतल्यावर बंदराचा भाग यलो गेट पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो, तिथे तक्रार देता येते.

रेलिंगचा विषय निघालाच आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'कार्निवल व्हॅलर'वरून एक तरुण समुद्रात पडला. बारमधून उठून बाथरूमला जातो म्हणून निघाला होता. पंधरा तासांहून अधिक वेळ तो पाण्यात तरंगत राहिला आणि कोस्ट गार्डने त्याला जिवंत काढलं. पडलो कसा हे त्याला आठवत नव्हतं. असं नशीब फार थोड्यांचं असतं. बेचाळीस इंची रेलिंगवरून शुद्धीवरचा माणूस अपघाताने पडत नाही. त्याला चढावं किंवा ओणवं व्हावं लागतं. बाल्कनीत पिणाऱ्या मित्राला रेलिंगवर बसू देऊ नका. ऐकत नसेल तर सरळ सिक्युरिटीला फोन करा. मैत्री बिघडली तरी चालेल.

बायकांच्या सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगणार. सप्टेंबर 2002 मध्ये ब्रिस्बेनहून निघालेल्या 'पॅसिफिक स्काय' जहाजावर तीन मुलांची आई पहिल्याच रात्री मरण पावली. तिच्या शरीरात जीएचबी नावाचं गुंगीचं द्रव्य मोठ्या प्रमाणात सापडलं. चौकशी अनेक वर्षं चालली. त्या काळातली ऑस्ट्रेलियातली क्रूझची जाहिरातबाजी, रात्रभर चालणारं पिणं, कॅमेऱ्यांची कमतरता, घटनास्थळ नीट राखलं न जाणं, सगळं चव्हाट्यावर आलं, आणि कंपनीला आपल्या पद्धती बदलाव्या लागल्या. तुमची बायको, बहीण, मुलगी कुणीही असो: ग्लास नजरेआड ठेवू नये, ठेवला गेला तर तो सोडून नवा घ्यावा. आणि थोड्याशा दारूत कुणी अचानक ओळखू न येण्याइतकं बधिर झालं तर 'चढली असेल' म्हणून केबिनमध्ये झोपवू नका. दवाखान्यात न्या. जहाजाचा दवाखाना चोवीस तास बोलावता येतो.

आपल्या लोकांबद्दलही बोलायला हवं. सप्टेंबर 2018 मध्ये सिडनीहून निघालेल्या 'व्हॉयेजर ऑफ द सीज'वर एका भारतीय पानमसाला कंपनीचे तेराशेच्या आसपास पुरुष एकत्र आले होते. बाकीच्या प्रवाशांनी तक्रारी केल्या की पूल, डेक, बुफे सगळं त्यांनीच व्यापलं, बायकांचे फोटो आणि व्हिडिओ काढले. जहाज कंपनीला प्रवाशांना पैसे परत द्यावे लागले. मला ही बातमी वाचून लाज वाटली, पण आश्चर्य वाटलं नाही. डीलर मीटच्या नावाने निघणारे असे गट मी बारमधून पाहिले आहेत. घरातली माणसं सोबत नसतात, खर्च कंपनीचा, आणि साहेबच सगळ्यांत आधी प्यायला बसलेला, मग खालच्याला थांबवणार कोण? अशा वेळी गटाच्या आयोजकाला सफरीच्या पहिल्याच दुपारी बसवून जबाबदारी त्याच्यावर टाकावी लागते. आयोजकाचं कार्ड थांबवलं की बाकीचे ऐकतात. आणि वेटरला 'ए' म्हणून हाक मारू नका. ती सवय जहाजावर फार ठळक दिसते, आणि समोरचा पोरगा मालवणचा असेल तर त्याला ती जास्तच लागते.

राहिला तिसरा प्रश्न. तुमच्या आई-वडिलांसोबतच्या सफरीसाठी आधी सफरच नीट निवडा. दोन-तीन रात्रींच्या, शुक्रवारी सुटणाऱ्या सफरी जगभर पार्टी करणाऱ्यांच्या असतात. पाच-सात रात्रींच्या सफरींवर कुटुंबं आणि वयस्कर लोक जास्त. डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. बुकिंग करताना एजंटला सरळ विचारा की त्या तारखेला मोठा कॉर्पोरेट गट आहे का. बऱ्याचदा त्याला माहीत असतं. केबिन घेताना डेकचा नकाशा उघडा आणि वर-खाली काय आहे ते बघा. नाइटक्लबच्या खाली, पूलच्या थेट खाली किंवा लिफ्टला लागून नको. वर आणि खाली दोन्हीकडे केबिन्सच असलेला मधला डेक घ्या. तिथे जहाज कमी हलतं, तुमच्या वडिलांना तेही बरं.

शेजारच्या केबिनमध्ये गोंधळ चालला असेल तर तुम्ही दार ठोठवायला जाऊ नका. गेस्ट सर्व्हिसला फोन करा, केबिन नंबर सांगा, आणि वेळ लिहून ठेवा. अर्ध्या तासात फरक पडला नाही तर परत करा. लोकांना वाटतं दुसऱ्यांदा फोन करणं भांडकुदळपणाचं आहे. तसं नाही. प्रत्येक फोनची नोंद होते, आणि एकाच केबिनबद्दल तीन नोंदी झाल्या की ते प्रकरण स्टाफ कॅप्टनच्या टेबलावर जातं. नुसतं रिसेप्शनवर तोंडी बोलून परतलात तर नोंद होईलच असं नाही. सकाळी जाऊन लेखी तक्रार झाली आहे का तेही विचारा.

बाचाबाची दिसली की मुलांना घेऊन तिथून निघा, जेवण अर्धं राहिलं तरी. मध्ये पडू नका, तुम्ही कितीही धट्टेकट्टे असलात तरी. मध्ये पडणारा तिसरा माणूस दोन्ही गटांना शत्रू वाटतो. व्हिडिओ काढायचाच तर लांबून. तोंडासमोर धरलेला फोन आगीत तेल ओततो. मुलांना मध्यरात्रीच्या आत केबिनमध्ये आणा. किशोरवयीन मुलांसाठी अनेक जहाजांवर रात्रीची वेळमर्यादा असते, ती पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

आणि मार लागला, विनयभंग झाला, वस्तू फुटली तर जहाजावरून उतरण्याआधी सगळं कागदावर आणा. दवाखान्यात जाऊन तपासणीची नोंद करा, जखम लहान असली तरी. सिक्युरिटीकडे लेखी जबाब द्या आणि त्याची प्रत किंवा निदान नोंदीचा क्रमांक मागा. त्या जागेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं अशी मागणी लेखी करा, तारीख, वेळ आणि डेक नमूद करून. कारण जुन्या चित्रणावर काही काळाने नवं चढतं. ज्यांनी पाहिलं त्यांचे फोन नंबर घ्या, बंदरात उतरल्यावर ते सापडणार नाहीत. तिकिटामागच्या अटी वाचा. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या करारात साधारणपणे सहा महिन्यांत नोटीस आणि एका वर्षात दावा अशी मुदत असते, आणि दावा ठरावीक कोर्टात, बऱ्याचदा मायामीच्या, लावा अशी अट असते. पुण्यात परतल्यावर 'बघू सावकाश' म्हटलं तर मुदत निघून जाते. प्रवासविम्यात वैद्यकीय खर्चासोबत क्रूझचा समावेश आहे का ते निघण्याआधीच बघा. दारूच्या नशेत स्वतःला झालेली इजा बहुतेक पॉलिसी भरून देत नाहीत.

शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याच गटातल्या कुणाला वेटरने थांबवलं, तर त्या वेळी वेटरच्या बाजूने बोला. 'बरोबर आहे, चल, जेवून घेऊ' एवढं मेहुण्याला म्हटलंत तरी पुरे. आणि सफरीच्या शेवटी फॉर्म येतो त्यावर त्या पोराचं नाव लिहून दोन चांगल्या ओळी लिहा. ज्याला थांबवलं त्याचा वाईट शेरा तिथे जाणारच असतो; त्याच्या शेजारी तुमचा असू द्या.